गल्लीची मधली रेघ

वस्तीचा नकाशा वस्तीनेच करायचा असं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी टेप माझ्या हातात दिली. मी शिंपी, माझं माप चुकत नाही अशी ख्याती. पालिकेची अट एकच होती: गल्ली बारा फूट रुंद करा, आगीचा बंब आत आला पाहिजे, मग घरांचे कागद आणि नळ मिळतील. मधोमध खडूची रेघ ओढायची आणि दोन्हीकडच्यांनी तिच्यापासून सहा-सहा फूट मागे सरायचं. भांडणाला जागाच नको.

माझ्या दारापर्यंत रेघ सरळ आली. तिथे बघतो तर माझं शिलाई मशीनच रस्त्यात येत होतं. मी खाली वाकलो आणि खडू फूटभर समोर सरकवला. समोर मावशी राहते. नात्याची नाही, पण आई गेल्यावर दोन वर्षं मला तिनेच जेवू घातलं. त्या फूटभरात तिची मोरी गेली.

स्वतःची भिंत आधी कोण पाडणार म्हणून सगळे अडून बसले होते. तर सत्तरीची मावशीच पहार घेऊन पुढे झाली. "शिंप्याने मोजलंय, त्यात खोट नसते," म्हणाली आणि मोरी पाडली. तिचं बघून आणखी चार घरं सरकली.

आता ती बादली घेऊन शेजारणीकडे आंघोळीला जाते. चार दिवस मी ते माझ्या दारातून बघितलं. पाचव्या दिवशी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहितीय. दारातच उभी होते की मी."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुझी अब्रू काढू? वाटलं, येशील सांगायला. पहिला घाव घालतानाही तुझ्याकडेच बघत होते. तू मान फिरवलीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या बैठकीत कबूल करतो. माझी भिंत पाडतो."

"नको. ही रेघ हलली की सगळ्यांच्या रेघा हलतील. निम्मी गल्ली मोजायची राहिलीय. बंब नाही आला तर पोरं जळतील, मोरीचं काय घेऊन बसलास!"

सकाळी लोक मला बोलवायला आले. गेलो. टेपचं दुसरं टोक धरून मावशी उभी होती.