खळ्यातला वळणरस्ता

२००२ची दिवाळी झाली आणि खंडेरावांनी आपलं खळं रस्त्याला दिलं, ते दोन महिन्यांसाठी. कळवणच्या रस्त्यावर, घराला लागूनच नाल्याची जुनी मोरी होती. ती पाडून नवी बांधायची ठरली. तोवर गाड्या कुठून न्यायच्या? तर खंडेरावांच्या खळ्यातून, आणि पुढं त्यांनीच बैलगाडीसाठी नाल्यात घातलेल्या फरशीवरून पलीकडं. ठेकेदाराचा इंजिनिअर हर्षल, नुकतं मिसरूड फुटलेलं पोर, चहा पिता पिता म्हणाला, "दोन महिने, नाना. फक्त दोन." गाव ओट्यावर बसलेलं. खंडेराव ऐटीत म्हणाले, "न्या की! खळं काय पळून चाललंय?"

घर अलीकडं, गोठा पलीकडं, मधे खळं. खंडेरावांच्या आईची, कुसाबाईंची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण तव्यावरची पहिली भाकरी गाईला आणि तीही स्वतःच्या हातानं, हा त्यांचा नेम. भाकरी पदराखाली धरून अनवाणी निघायच्या. उंबऱ्याखालचा दगड, मग सारवलेली जमीन, मग गोठ्यापाशी सांडलेला भुसा; तळपायालाच सगळं कळायचं. कुणी हात धरलेला त्यांना मुळीच खपत नसे. दिवसभरात तेवढंच चालणं त्यांचं स्वतःचं होतं.

आता तिथून एस.टी. जाऊ लागली, कांद्याचे ट्रक, फटफट्या. पहिल्याच आठवड्यात एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला आणि म्हातारीच्या हातातली भाकरी मातीत पडली. त्या दिवसापासून कुसाबाई ओट्यावरच्या खाटेवर. भाकरी सून नेऊ लागली. गाय हंबरली की म्हातारी तिकडं तोंड वळवून बसायची.

"दोन महिने, माय," खंडेराव म्हणाले.

"बरं. पर फुफाटा लय उडतो रं. आपल्या दारावरून जाणाऱ्याच्या तोंडात माती जाऊ नाय. पाणी मारीत जा."

खंडेराव रोज सकाळी ट्रॅक्टरला टाकी जोडून पाणी मारू लागले. खड्डा पडला की मुरूम, खचलं की दगड. दारातला रस्ता, लोकांनी नावं ठेवायला नकोत.

मोरीचं काम मात्र नकटीच्या लग्नासारखं, विघ्नं सतराशे. आधी नळ्या टाकायच्या होत्या. खोदल्यावर साहेब म्हणाले, पाणी जास्त आहे, स्लॅब हवा. स्लॅबचा नकाशा आला, तोवर रस्ताच रुंद करायचं ठरलं. म्हणजे नकाशा पुन्हा. वाढीव कामाला वाढीव दर हवा म्हणून ठेकेदार अडून बसला आणि एके दिवशी मिक्सर घेऊन निघून गेला. नवं टेंडर निघालं, नवा नारळ फुटला. मोरीच्या खड्ड्यात बेडकं नांदू लागली, बेशरमाची झुडपं फोफावली.

"खंडू, मोरी कुठवर आली?" म्हातारी विचारायची.

"येतीये, माय."

हे म्हणताना खंडेरावांना स्वतःची लाज वाटायची. खळं बंद करावं तर शाळेची पोरं, दवाखान्याच्या बाया, गावाचा सगळा माल अडणार. आणि शब्द दिलेला, तोही चारचौघांत. ऐट कुणी करायला सांगितली होती?

असा एक पावसाळा गेला, दुसराही सरत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी हर्षल पेढे घेऊन आला. आता तो नव्या ठेकेदाराकडं होता, मिशी दाट झाली होती. "नाना, सुटला एकदाचा प्रश्न!"

"मोरी सुरू झाली?"

"मोरी रद्द. मोठ्या साहेबांनी पाहणी केली. म्हणाले, दोन पावसाळे झाले तरी हा वळणरस्ता खचला नाही, खड्डा नाही, धूळ नाही. मग हाच पक्का करायचा. जागेचा मोबदला रीतसर मिळेल."

खंडेरावांनी खाटेचा खूर धरला. "अहो साहेब, तो चांगला हाय तो मी रोज..."

"तेच तर!" हर्षल मनापासून म्हणाला. "साहेबांनी तुमचं किती कौतुक केलं!"

खाटेवर कुसाबाई सगळं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेरावांनी पाण्याची टाकी जोडली नाही. टिकाव घेतला आणि रस्त्याच्या मधोमध घाव घालायला सुरुवात केली. स्वतःच दाबलेला मुरूम, सुटता सुटेना. गुडघाभर चर झाला तोच एस.टी. येऊन थांबली. ड्रायव्हर मल्हारीनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय नाना, खचला व्हय रस्ता? करा निवांत, थांबतो मी."

चार माणसं खाली उतरलीसुद्धा. "नानांनी एकट्यानं किती करायचं?" म्हणत एकानं त्यांच्या हातातला टिकाव काढून घेतला, दुसऱ्यानं दगड आणले, तिसऱ्यानं फावडं धरलं. खंडेरावांनी तोंड उघडलं. समोरची माणसं घामेजून हसत होती. त्यांना काय सांगायचं? चर भरून गेला.

"खंडू," ओट्यावरून हाक आली, "माती नीट दाब रं. कोणाचा पाय मुरगळंल."

खंडेरावांनी माती पायानं दाबली. एस.टी. निघून गेली.

ते ओट्याशी आले तेव्हा कुसाबाई उंबऱ्याखालच्या दगडावर उभ्या होत्या. एका हातात पदराखाली भाकरी. दुसरा हात त्यांनी पुढं केला होता.

"धर," त्या म्हणाल्या. "भाकर निवून चालली. मला गाईकडं घेऊन चल."

खंडेरावांनी हात धरला. कळवणकडून एक ट्रक येत होता. तो जाईपर्यंत दोघं आपल्याच दारात थांबून राहिले.