लोणारच्या पटातला हरवलेला सेकंद

मित्रांनो, तळहातात मावणारे आणि किल्ली दिल्याशिवाय न चालणारे मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझ्या डोक्यावर एकच बटण आहे. ते एकदा दाबले की काटा पळतो, दुसऱ्यांदा दाबले की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबले की शून्यावर परत येतो. एका सेकंदाचे मी पाच भाग करतो. याहून बारीक मोजणे मला येत नाही; पण जेवढे मोजतो तेवढे खरे मोजतो. तरीही एका रविवारी माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. तो कसा आला आणि कसा गेला, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा कारखाना कुठे होता ते आता मलाही ठाऊक नाही. तबकडीवरचे नाव कधीच झिजून गेले. मी आधी एका शाळेत खेळाच्या शिक्षकांकडे होतो. त्यांची बदली झाली तेव्हा मी लोणारमध्ये, अब्दुल गनी यांच्या घड्याळाच्या दुकानात दुरुस्तीला पडलेलो होतो. शिक्षक म्हणाले, "आता तुमच्याकडेच राहू द्या. तुमच्या हातात ते शोभतं." त्या दिवसापासून मी गनीचाचांचा झालो.

तेव्हा गनीचाचा तरुण होते. हिवाळ्यात रान मोकळे झाले की आमच्या भागात शंकरपट भरे. शंकरपट म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत. एका टोकाला लाल झेंडी खाली येई आणि दुसऱ्या टोकाला, शेवटच्या रेघेवर, चाचा मला घेऊन उभे असत. डोणगावचे इंद्रभान हे जुने पंच होते. त्यांनी पहिल्याच दिवशी चाचांना कापसाचे दोन बोळे दिले आणि म्हणाले, "गनी, हे कानात घाल. डोळा झेंडीवर, अंगठा बटणावर. कानाले आज सुट्टी."

चाचांनी कारण विचारले नाही. गर्दीच्या गोंगाटाने लक्ष विचलित होऊ नये म्हणून हे असेल, असे त्यांनी मनाशी धरले. मलाही तसेच वाटले. पुढची कितीतरी वर्षे चाचांच्या खिशात एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ते बोळे, असा आमचा संसार चालला. माझ्या काट्याने दाखवलेली आणि चाचांनी वाचलेली वेळ कोणी नाकारली नाही. हरलेला मालकसुद्धा बैलाच्या पाठीवर थाप मारून गुपचूप घरी जाई.

मग बैलांच्या शर्यती काही वर्षे बंद राहिल्या. इंद्रभान वारले. मोबाईल आले, आणि मोबाईलच्या पोटात माझ्यासारखी घड्याळे आली. मी स्क्रूंच्या डबीत जाऊन पडलो. चाचांची नजर बारीक कामाला कमी पडू लागली, तेव्हा त्यांची सून मुबीना दुकानात बसू लागली. ती वर्षातून एकदा मला उघडी, तेलाचा एक थेंब देई आणि कानाशी धरून ऐके. मित्रांनो, ज्या वस्तूचे काम संपले आहे तिलाही कोणीतरी कानाशी धरते, हे फार मोठे असते.

मुबीनाचा मुलगा कामरान मोटारसायकली दुरुस्त करी आणि त्याहून जास्त पळवी. तो आणि त्याचे मित्र मोबाईलवर परदेशातल्या ग्रां प्री शर्यती पाहत. एका शर्यतीसाठी तीन दिवस! शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता, रविवारी खरी शर्यत. नंबराप्रमाणे गुण, आणि सगळ्या शर्यतींचे गुण जोडून वर्षाचा विजेता. पोरांनी तेच इथे आणले. डोणगाव, बीबी आणि लोणार अशा तीन गावांत तीन शर्यती ठरल्या. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. वळणावळणाच्या मातीच्या वाटेवर एकेकाने गाडी पळवायची आणि वेळ मोजायची. पोरे तिला ग्रां प्री म्हणत. म्हातारी माणसे म्हणत, गाड्यांचा पट. तिन्ही शर्यती मिळून जो जिंकेल त्याला पुण्याच्या एका मोटारसायकल-शर्यतीच्या सराव-शाळेत दोन महिने शिकायला मिळणार होते. जागा एकच होती.

डोणगावच्या शर्यतीत दोघांनी दोन मोबाईलवर वेळ धरली आणि दोन वेगळे आकडे निघाले. बराच वाद झाला. शेवटी मुख्य पंच भगवंतराव म्हणाले, "बीबीपासून गनीभाईचं घड्याळ आणा. मंग कोनी तोंड उघडत नाई."

असा मी डबीतून बाहेर आलो.

डोणगावला ऋत्विक पहिला आला होता. तो तिथल्याच भाजीवाल्यांच्या घरातला मुलगा. वांग्याची पोती बाजारात नेता नेता गाडी चालवायला शिकलेला. कामरान दुसरा होता. बीबीला नेमके उलटे झाले. दोघांचे सोळा-सोळा गुण झाले आणि सगळे लोणारवर येऊन थांबले.

लोणारचे मैदान म्हणजे हरभरा निघालेले एक लांबलचक रान. सुरुवातीच्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सरळ मोजले तर चारशे मीटर. भगवंतराव सुरुवातीला उभे राहत. त्यांच्या पायाशी तेलाचा रिकामा डबा असे. झेंडीची काठी ते अशी खाली आणत, की ती थेट डब्यावर आदळे. झेंडी पडायची आणि डबा वाजायचा तो एकाच क्षणी.

शनिवारी नऊ जण पळाले. हवा स्वच्छ होती. चाचांनी कानात बोळे घातले, झेंडी पाहून मला दाबले आणि नऊ वेळा कागदावर चढल्या. डोणगावचा एक जण मागून म्हणाला, "नातू पळून राह्यला अन् आजा वेळ मोजून राह्यला. बेस हाये."

वेळांचा कागद पाहायला भगवंतराव तिथे आले होते. ते म्हणाले, "तुह्या बापाचे बैल हरले तवा याच घड्याळानं हरले होते. त्यानं काही म्हटलं का?" तो माणूस हसला आणि मागे सरकला. पण चाचांचा अंगठा माझ्या बटणावर थोडा जड झालेला मला जाणवला.

रविवारी नऊ जणांत ऋत्विकची पाळी चौथी होती. एकतीस सेकंद आणि एक पंचमांश. वेळ उत्तम होती. आणि मग वारा सुटला. कोरड्या रानातली माती अशी उठली की सुरुवातीची रेघ दिसेनाशी झाली. झेंडी नाही, भगवंतराव नाही, नुसता पिवळा पडदा. अजून पाच जण राहिले होते आणि त्यांत कामरान होता.

"थांबायचं का, चाचा?" कोणीतरी कानाशी ओरडून विचारले.

"थांबून वारा काय आपलं ऐकते?" चाचा म्हणाले. "झेंडी दिसत नसंल तं डब्याचा आवाज तं येते. आवाजावर दाबतो." आणि त्यांनी कानातले बोळे काढून खिशात ठेवले.

वारा आमच्याच दिशेने होता. डब्याचा आवाज खणखणीत आला. चाचांनी मला दाबले, धुळीतून कामरानची गाडी बाहेर आली, रेघ ओलांडली, आणि माझा काटा तीस सेकंद आणि दोन पंचमांशांवर थांबला. ऋत्विकपेक्षा चार पंचमांश कमी!

बाकीचे चौघेही पळाले. निकाल सांगितला गेला. हलगी वाजू लागली, पोरांनी कामरानला खांद्यावर घेतले. ऋत्विक आपल्या गाडीच्या चाकाशी बसून मातीत काडीने रेघा ओढत होता.

त्या गडबडीत मुबीना वेळांचा कागद पाहत उभी होती. वारा आता पडला होता.

"अब्बा," ती म्हणाली, "कालचे अन् आजचे आकडे पाहा. वारा सुटल्यावर पळालेले पाचही जण कालच्यापेक्षा सेकंदभर जलद पळाले. धुळीत तं गाडी हळू पाहिजे."

"पोरं जिद्दीनं पळाले असतील."

"पाचही? अन् सगळे सारखेच?"

चाचांनी मला उलटसुलट केले. मग हळूच म्हणाले, "मंग घड्याळच बिघडलं असंल. म्हातारं झालं बिचारं."

मित्रांनो, इतकी वर्षे एका खिशात राहिलो, आणि आज हे? पण मला तोंड नाही.

मुबीनाने मला हातात घेतले. आधी कानाशी धरले, मग मोबाईलशेजारी ठेवून दोन्ही घड्याळे एकदमच सुरू केली. तीन मिनिटे ती जागची हलली नाही. आम्ही दोघे बरोबरीने चाललो. "घड्याळ ठीक आहे," ती म्हणाली. "मंग सेकंद गेला कुठं?"

ती सुरुवातीच्या रेघेकडे पाहू लागली. तिकडे माणसे मंडप उतरवत होती. एक जण लोखंडी मेख सैल करायला तिच्यावर हातोडा मारत होता. मुबीना बराच वेळ पाहत राहिली. मग तिने चाचांच्या हाताला धरले.

"अब्बा, तो हातोडा पाहा. मेखेवर पडला... आता परत वर गेला... अन् आवाज आत्ता आला."

चाचांनी पाहिले. पुन्हा पाहिले. मुबीनाने माझ्या बटणावर अंगठा ठेवला. हातोडा पडताना दिसला तेव्हा दाबले, आवाज कानावर आला तेव्हा पुन्हा दाबले. एक सेकंद आणि एक पंचमांश. तिने चार वेळा तसेच केले. चारही वेळा माझा काटा तिथेच किंवा एका पंचमांशाच्या फरकाने थांबला. हरवलेला सेकंद मीच शोधून दिला होता.

उजेड इतका जलद असतो की झेंडी पडली त्याच क्षणी ती आपल्याला दिसते. आवाज मात्र एका सेकंदात साधारण साडेतीनशे मीटरच चालतो. चारशे मीटरवरून आमच्यापर्यंत यायला त्याला सेकंदाहून जास्त लागला होता. म्हणजे कामरानची गाडी निघाल्यावर एवढ्या उशिराने मी निघालो होतो! तो वेळ त्याच्या तीस सेकंद दोन पंचमांशांत मिळवला, तर ऋत्विक पुढे होता.

चाचांनी खिशातून बोळे काढले आणि तळहातावर ठेवले. "इंद्रभान म्हणे, कानाले सुट्टी," ते पुटपुटले. "मले वाटलं, गोंगाटासाठी. कारण काऊन विचारलं नाई मी?"

तिकडे कामरान खांद्यावरून खाली उतरून आईला हात करत होता. ही गोष्ट आतापर्यंत तिघांनाच ठाऊक होती: चाचा, मुबीना आणि मी. आणि मी बोलणार नव्हतो.

"लोक म्हणतील, आज्यानं नातवासाठी केलं," चाचा म्हणाले.

"म्हणतील," मुबीना म्हणाली. "पण ऋत्विकनं काय करायचं, अब्बा?"

चाचा सरळ माईककडे गेले. जे झाले ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. हलगी थांबली. शनिवारी टोमणा मारणारा माणूस चपलेच्या टोकाने माती उकरू लागला. भगवंतरावांनी कामरान आणि ऋत्विकला जवळ बोलावले. बाकीच्या चौघांची वेळ धरूनही पहिला नंबर या दोघांतच होता.

"झेंडी दिसून राह्यली आता," भगवंतराव म्हणाले. "दोघं पुन्हा पळा. कबूल?"

"हाव," ऋत्विक लगेच म्हणाला. कामरान गळ्यातला हार काढत होता. त्याने आईकडे पाहिले, आणि मग तोही "हाव" म्हणाला.

चाचांनी मला मुबीनाच्या हातात दिले. "मी नाई धरत आता. तू धर."

"माहा पोरगा हाये तो, अब्बा. लोक..."

"लोकाइले काय म्हनाचं ते म्हनू दे," भगवंतराव मध्येच म्हणाले. "सेकंद कोनं शोधला? तिनंच धराव."

तिने दोन्ही कानांत बोळे घातले. आता तिला हलगी नाही, गर्दी नाही, काही ऐकू येत नव्हते. आधी ऋत्विक निघाला. एकतीस सेकंद, बरोबर. मग कामरान. झेंडी पडली आणि तिने मला दाबले. तिचा अंगठा घामाने ओला होता. शेवटच्या वळणावर गाडी जरा घसरली, सावरली, रेघेकडे आली. मित्रांनो, एक पंचमांश सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. अंगठा तेवढा आधी पडला असता तर मीसुद्धा काही करू शकलो नसतो. पण चाक रेघेवर आले तेव्हाच तो पडला.

तिने मला डोळ्यांजवळ नेले आणि स्वतःच आकडा वाचला, "एकतीस सेकंद आणि एक पंचमांश." तिचा आवाज जरा मोठा आला, कारण कानांत बोळे होते.

ऋत्विक पुण्याला गेला. जाण्याआधी तो दुकानात येऊन चाचांच्या पाया पडला आणि काउंटरवर वांग्यांची पिशवी ठेवून गेला.

कामरान दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून त्याने विचारले, "अम्मी, एक पंचमांश म्हणजे माह्या गाडीचं किती अंतर?"

मुबीनाने कागदावर हिशेब केला. "तीन मीटर. तुही दीड गाडी."

"शेवटच्या वळणावरच गेली ती दीड गाडी," तो म्हणाला. "पुढच्या साली भरून काढतो."

"काढ," चाचा आतून म्हणाले. "पन यंदासारखी नको काढू. यंदा तं मीच काढून देली होती."

कामरानला हसू आले, आणि मग तिघेही हसले.

मित्रांनो, तुम्हीही हे करून पाहा. लांबवर कोणी कपडे आपटत असेल किंवा लाकूड फोडत असेल, तर डोळा आणि कान दोन्ही लावून उभे राहा. तुम्हालाही तो मधला वेळ सापडेल. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून किल्ली द्या, तेलाचा थेंब द्या, कानाशी धरा. आणि मी वेळ सांगितली की ती वहीत लिहिण्याआधी एक विचारा: बटण दाबणारा कुठे उभा होता आणि त्याने काय पाहून दाबले? मोठ्या माणसांनी एखादी सवय लावली, तर ती जरूर पाळा. पण तिचे कारणही त्यांना विचारून घ्या.

आता मी स्क्रूंच्या डबीत नसतो. मुबीनाने मला दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवले आहे, आणि माझ्या दोन्ही बाजूंना कापसाचा एकेक बोळा. गिऱ्हाईक हमखास विचारते, "घड्याळापाशी कापूस कशाले?" मग चाचा हातातले काम बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "बसा, सांगतो."