गौळणीचा पौष

"का जी चैतूभाऊ, आज घोडीच्याच पाया पडून राह्यले? देवळातल्या देवानं काय घोडं मारलं तुमचं?"

बँडवाला नागसेन दारातून ओरडला. चैतू हसला, पण उठला नाही. गोठ्याच्या मातीत गुडघे टेकून त्याने आपला गाल गौळणीच्या पुढच्या उजव्या खुराला लावला होता. पाहणाऱ्याला दंडवतच वाटावा. मग त्याने गाल डाव्या खुराला लावला, पुन्हा उजव्याला.

"हा गरम हाये," तो म्हणाला. "तो थंडा हाये. प्रफुलले बलाव बरं."

गाल लावण्याचं कारण आमच्या गावाला ठाऊक होतं. तरुणपणी चैतूला महारोग झाला होता. औषधांनी तो कधीचाच बरा झाला, पण जाताना बोटांची जाण घेऊन गेला. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली. कपातला चहा गरम की निवलेला, हे हाताला कळत नसे. गालाला कळे.

त्या दिवसांत लोक त्याला विहिरीवर येऊ देत नव्हते. तेव्हा टांगेवाल्या नानाजींनी त्याला आपल्या शेजारी बसवून दवाखान्यात नेलं होतं. मागे नाही, शेजारी. आणि भर बाजारातून. बरा होऊन आल्यावर चैतू नानाजींच्या तबेल्यात राहिला तो राहिलाच. पुढे टांगे गेले, रिक्षा आल्या, नानाजीही वारले. आता त्यांचा मुलगा प्रफुल वरातीसाठी एक पांढरी घोडी ठेवून होता. तिचं नाव गौळण. ठेवलं चैतूनेच, कीर्तनाशिवाय त्याला दुसरं वेड नव्हतं.

प्रफुल कानाला फोन लावूनच आला. "काका, परवाच्या दिवशी मूल गावाले वरात हाये. एक सुई मारतो तिले. सुई मारली का नाचते."

"नाचन ती. दुखणं नाई जात त्यानं, दुखण्याचं तोंड बांधल्या जाते."

"मंग काय करू म्हणता?"

चैतूने खूर आपल्या मांडीवर घेतला. "हे पाह्य. समोरून वाढलं किती, आन् टाच दबली. जत्रेतल्या मानसानं तशावरच भारी नाल ठोकली."

"टाप वाजली पाह्यजे ना काका! सिमेंटच्या रोडवर टाप नाई वाजली तं वरातीवाले म्हणते, घोडी आनली का बकरी?"

"अजून पाह्य. आतल्या अंगानं खूर जास्त झिजला. सांग काऊन?"

प्रफुल वाकून खुराकडे पाहू लागला.

"डीजेची गाडी नेहमी तिच्या उजव्या बाजूनं चालते. ती बिचारी भेऊन डाव्या अंगाले झुकते. पूर्ण सीजन झुकूनच चालली. खुराले सारं याद रायते, बापा."

प्रफुल काही वाईट मुलगा नव्हता. पण घर त्या घोडीवर चालत होतं, आणि लंगडी घोडी पोसणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तो खाली पाहत म्हणाला, "व्यापारी मागून राह्यला तिले. वीटभट्टीवाल्याले देईन म्हणते."

चैतूचा हात गौळणीच्या खांद्यावर होता. तो तिथेच थांबला.

"ही वरात सोड," तो म्हणाला. "मंग पौष लागते. पौषात कोणाचं लगन हाये? तेवढा पौष मले दे. माघातल्या सप्त्याच्या काल्याले पालखीपुढं ती सरळ चालली तं ठेव. नाई चालली तं तुह्या मनानं कर."

प्रफुलने मूलच्या लग्नघरी फोन लावला आणि घोडीऐवजी सजवलेली गाडी पाठवतो म्हणाला.

चैतूने चारही पायांतली नाल काढली. खिळे एकेक करून, पक्कड दोन्ही हातांत धरून. नंतर कानस घेतली आणि वाढलेला खूर समोरून थोडा थोडा मागे आणू लागला. थोडा घासायचा, खराट्याची काडी आडवी धरून दोन्ही बाजू पाहायच्या, पुन्हा घासायचा. एका दिवसात सगळं बरोबर करायचा हव्यास त्याला नव्हता. "वाकडं एका दिवसात झालं काय? मंग सरळ एका दिवसात काऊन करता?" असं तो विचारणाऱ्याला म्हणे.

सकाळी आणि दिवे लागताना तो तिच्या अंगावरून हात फिरवी. चोळणं म्हणावं असंही ते नव्हतं. कानामागून मानेवर, मानेवरून खांद्यावर हात अगदी सावकाश जायचा आणि मधेच एखाद्या जागी थांबायचा. गौळणीची पापणी लवली की समजायचं, गाठ इथे आहे. मग हात तिथेच, दाब न देता, लोण्याच्या गोळ्यावर ठेवल्यासारखा. ती श्वास धरून उभी राही. कधी बराच वेळ जाई. अखेर पापण्या खाली येत, खालचा ओठ सुटे आणि तोंडात काहीही नसताना ती सावकाश चावू लागे. तेव्हाच चैतू हात उचले.

"मले माह्या हाताचा भार कळत नाई," तो एकदा प्रफुलला म्हणाला. "जड झाला का ती कान मागं टाकते. हलका हात तिनं शिकवला मले. म्हणून हाताकडं नाई पाह्यत मी. तिच्या डोयाकडं पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी प्रफुल फोन घरी ठेवून आला आणि गोठ्यातला दगडगोटा वेचून त्याने रेती अंथरली.

संक्रांत झाली. माघात सप्ता बसला. एका रात्री बुवांनी कीर्तनात सारथी झालेल्या देवाची कथा लावली. सांज झाली की देव रथ सोडतो, घोड्यांच्या अंगातले बाण आपल्या हाताने काढतो, त्यांना पाणी दाखवतो, खरारा करतो. "ज्याचे पाय धरायला जग धावतं, तो घोड्यांचे पाय धुतो हो!" बुवांनी असं म्हणताच मृदंग थांबला. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकलेला चैतू रडत होता. डोळे पुसले मनगटाने. बोटांनी पुसायची त्याला सवयच नव्हती.

काल्याच्या दिवशी गौळणीला हळदी रंगाची झूल घातली. पाठीवर कोणी नाही, पायांत नाल नाही. लगाम प्रफुलच्या हातात, मागे पोथीची पालखी, टाळकरी, बायका. चैतू सगळ्यांच्या मागे. त्याला पुढे जाऊन पाहायचा धीर होत नव्हता.

टाळमृदंगात काही ऐकू येईना. शाळेच्या वळणावर, जिथे सिमेंटचा रस्ता लागतो, तिथे अभंग संपला आणि टाळकऱ्यांनी दम घेतला. त्या एवढ्याशा शांततेत गौळणीची पावलं ऐकू आली. नालेसारखी खणखणीत नव्हती. मऊ होती, पण चारही सारखी. भजनी ठेक्यात एकही मात्रा चुकू नये तशी.

पुढून प्रफुलने मान वळवली. त्याने घोडीच्या पायाकडे पाहिलं नाही. गर्दीवरून तो चैतूला शोधत होता.

दुपारी हंडी फुटली. आमच्याकडे काला कोणी आपल्या हाताने खात नाही. एकमेकाच्या तोंडात घालायचा. सासू सुनेला भरवते, भांडलेले भाऊ एकमेकांना. चैतू मात्र दरवर्षी आपला द्रोण घेऊन कडुनिंबाखाली घोडीपाशी बसे. कोणी त्याला जा म्हटलेलं नव्हतं. कोणी ये म्हटलेलंही नव्हतं. नानाजी होते तोवर तेवढे उठून त्याच्याकडे येत आणि तोंड उघडून उभे राहत.

प्रफुल मंडपाच्या कडेला फोनवर बोलत होता. "हो जी, घोडी हाये. पण नाचनार नाई. नाल बी नाई. नवरदेवाले मांडवापर्यंत बरोबर आनून देते. डीजे मागं ठेवसान, तरच येईन. इचारून सांगा."

फोन खिशात टाकून तो कडुनिंबाकडे आला आणि चैतूपुढे उकिडवा बसला.

"काका, काला नाई देत काय?"

चैतूने इकडे तिकडे पाहिलं. "तिकडं घे ना, बापा. बुवा देऊन राह्यले."

"बाबा तुमच्याच हातचा खाये ना?" प्रफुल म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं.

चैतूने वळलेल्या बोटांत दही-लाह्यांचा घास कसाबसा धरला. हात पुढे गेला. घास ओठांना लागला की नाही, जोर जास्त झाला की कमी, बोटांना काही कळलं नाही. म्हणून तो प्रफुलच्या डोळ्यांकडे पाहत राहिला.

मग प्रफुलच्या पापण्या खाली आल्या, आणि तो सावकाश चावू लागला. तेव्हा कुठे चैतूने हात मागे घेतला.