पेटी उचलणारी पोर

चौदा वर्षं सोनिकाने हा राग जिवापाड जपला होता. आज तो बाहेर काढायची संधी होती आणि ती सोडायची नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. नागपूरच्या तिच्या कॉलेजात ‘सिनेमातलं बालशोषण : मार्क्सवादी दृष्टी’ या विषयावर चर्चासत्र होतं. अध्यक्ष होते दुर्गेश सर, बालमजुरीवरच्या त्या गाजलेल्या सिनेमाचे दिग्दर्शक. तिच्या एम. ए.च्या प्रबंधाचे परीक्षकही तेच. म्हणून तिच्या मार्गदर्शक सुहासिनी मॅडमनी सकाळीच तिला बजावलं होतं, “कौतुक कर आणि खाली बस. नाहीतर वर्ष वाया जाईल.”

“जाऊ द्या वाया,” सोनिका म्हणाली होती.

सरांनी आधी आपल्या सिनेमातला नावाजलेला तुकडा दाखवला. नऊ वर्षांची पोर संत्र्यांची भरलेली पेटी उचलते. हात थरथरतात, ओठ हलतात, पण बोलणं ऐकू येत नाही. वर नुसतं व्हायोलिन.

“हे हलणारे ओठ म्हणजे वर्गजाणिवेचा पहिला हुंकार,” सर म्हणाले. “तिच्या श्रमातलं अतिरिक्त मूल्य मालक ओरबाडतो, आणि ती जाब विचारू लागते. यात एकही गोष्ट खोटी नाही.”

टाळ्या पडल्या. सोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा हातातला निबंध तिने खुर्चीवरच ठेवला.

“सर, यातली संत्री खोटी आहेत. आमच्या नरखेडकडचं शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही शूटिंगला आलात तेव्हा आमच्या बागेतला मृग बहार हिरवाच होता, फळं पिकायला अजून काही महिने होते. मग बाजारातून आधीच्या, अंबिया बहाराची पिकलेली संत्री आणून तुम्ही फांद्यांना दोऱ्याने बांधलीत. सिनेमा बघताना आमचं गाव पोट धरून हसलं होतं.”

सरही हसले. “दृश्याची गरज असते, बाळ.”

“पेटी मात्र खरी होती. गच्च भरलेली. आणि त्या पोरीचा तापही खरा होता.”

“तुला काय माहीत?”

“ती पोर मी आहे. वामनरावांची सोनिका. महिनाभर आमच्याच घरी जेवलात तुम्ही. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, एवढंच माझ्या बाबांना कळत होतं. त्याआधी मी शाळेत जात होते, सर. पेटीला कधी हातही लावला नव्हता. मला मजूर तुम्ही केलंत. कॅमेरा तुमचा, श्रम माझे, बक्षिसं तुमची. तुमच्याच मार्क्सला विचारा, यातला मालक कोण?”

सरांचा चेहरा उतरला. सोनिकाला फार बरं वाटलं, पण तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं. प्रोजेक्टरपाशी बसलेल्या आयुषला तिने तोच तुकडा आवाज बंद करून लावायला सांगितलं. पडद्यावरच्या पोरीचे ओठ हलू लागले तशी ती त्यांच्याबरोबर मोठ्याने बोलू लागली.

“काका, मले ताप येऊन राहिला. मले घरी जाऊ द्या ना, काका.”

सुहासिनी मॅडमनी तोंडाला पदर लावला. सर चाचरत म्हणाले, “अगं, पण... तेव्हाच सांगायचं नाही का मला?”

सोनिकाने पडद्याकडे बोट दाखवलं. सरांनी मान वळवली नाही, टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिले. तिला त्यांची जराही दया आली नाही.

“आयुष, पुन्हा लाव गा,” ती म्हणाली. “सरांले ऐकू येईस्तोवर लावत राह्य.”