अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो

मी एक जुना अर्धा किलो आहे. अर्धा किलो साखर नव्हे की डाळ नव्हे. ती तोलणारा लोखंडी अर्धा किलो. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझा रंग उडाला आहे, एका कडेचा टवका गेला आहे आणि डोक्यात कुणीतरी एक हूक बसवला आहे, हे सगळं मला माहीत आहे. तरी मी पाचशे ग्रॅम आहे. चारशे नव्याण्णव नाही आणि पाचशे एकही नाही. ज्याला शंका असेल त्याने खुशाल तोलून बघावं.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत झाला. लोखंडाचा लाल रस साच्यात ओतला आणि गार झाल्यावर सहा कडांचा मी बाहेर पडलो. माझ्या पोटाशी एक खळगा होता. त्यात शिसं भरून माझं वजन बरोबर केलं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का मारला. त्यानंतर मला खोटं बोलायची सोय उरली नाही, आणि ती मला कधी लागलीही नाही.

कराडला अण्णांचं किराणा दुकान होतं. तिथे तागडीच्या डाव्या पारड्यात माझी जागा. वजनमापे तपासणारे साहेब आले की आजूबाजूच्या दोन-तीन दुकानांची फळी खाली यायची. अण्णा मात्र स्वतः उठून मला त्यांच्यापुढे ठेवायचे. मापात पाप नको, एवढंच त्यांचं शास्त्र. दसऱ्याला ते तागडीची आणि आम्हा सगळ्या वजनांची पूजा करायचे. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं साग्रसंगीत. पण दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत मला आधी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसून काढायचे. म्हणायचे, "पूजेचं पूजेपाशी, मापाचं मापापाशी." त्यांचा मुलगा प्रकाश गल्ल्याजवळ बसून ते बघत असायचा. नुसतं बघणं वेगळं आणि ध्यानात ठेवणं वेगळं, हे मला फार उशिरा समजलं.

पुढे आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि आम्ही पोत्यामागे गेलो. अण्णा गेले, दुकान बंद झालं. प्रकाश तोवर इंजिनियर होऊन दुबईला नोकरी करत होता. वडिलांची आठवण म्हणून त्याने मला उचललं. विमानतळावर पोलिसाने मला बॅगेतून काढून विचारलं, "ये क्या है?" प्रकाश म्हणाला, "पिताजी का है." पोलिसाने मला दोनदा उलटंपालटं केलं आणि परत बॅगेत ठेवलं.

आठवण म्हणून नेलं खरं, पण जुमेरा लेक टॉवर्समधल्या अठ्ठाविसाव्या मजल्यावर माझं काम काय होतं? बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकून बसायचं. अंगावर सरकारी शिक्का असलेला मी दारवान झालो! प्रकाशची बायको प्रमिला आठवड्यातून एकदा माझ्यावरची वाळू झटकायची. सहा वर्षं मी तशी काढली. मला राग यायचा, अजूनही येतो, आणि तो मी लपवणार नाही.

मग प्रकाशची मुलगी इशिता नेमबाजी शिकायला लागली. अल ऐनच्या रस्त्यावर एक शूटिंग क्लब आहे. तिचं हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल तिथेच कुलपात असायचं. त्या खेळात एक कडक नियम आहे, मित्रांनो, आणि तो नियम म्हणजे मीच. पिस्तुलाच्या ट्रिगरने निदान पाचशे ग्रॅम वजन पेललं पाहिजे. तपासताना आत छर्रा नसतो. पिस्तूल भरल्यासारखं चढवतात, म्हणजे झाडायला सज्ज करतात, नळी आकाशाकडे धरतात, ट्रिगरला वजन अडकवतात आणि अलगद टेबलावरून उचलतात. वजन गप्प लटकलं तर पास. 'टक्' असा आवाज आला, म्हणजे ट्रिगर सुटला, तर नापास. असे तीनच प्रयत्न मिळतात.

प्रकाशने मला क्लबच्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथले उस्ताद खैरुद्दीन, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. छर्रे निवडताना एकेक बोटावर फिरवून बघणारे. त्यांनी माझ्या डोक्यात भोक पाडून हूक बसवला, जेवढं वाढलं तेवढं पोटातलं शिसं खरवडलं आणि क्लबच्या प्रमाण वजनासमोर मला तोललं. काटा मधोमध थांबला. "पूरा पाँच सौ," ते म्हणाले, "ईमानदार चीज़ है." दारवानाची नोकरी संपली. पाच वर्षं मी इशिताच्या प्रत्येक सरावाआधी तिचा ट्रिगर तपासला.

यंदा इशिता बारावीत आहे. अमिरातीतल्या भारतीय शाळांच्या संघात जायची तिची ही शेवटची संधी होती. जागा चार, मुलं बेचाळीस. निवडीच्या दहा दिवस आधी दसरा आला आणि प्रकाशच्या मनात शस्त्रपूजा आली. खैरुद्दीननी वर्कशॉपचं एक टेबल मोकळं करून दिलं. प्रमिलाने झेंडू मांडले. पिस्तूल आणि मी शेजारी शेजारी.

"प्रकाशभाई, फूल रखो, तिलक लगाओ," खैरुद्दीन म्हणाले, "चावल मत डालो."

"दो दाने, हबीबी. शगुन के."

"बाबा, प्लीज!" इशिता म्हणाली. "इट्स अ प्रिसिजन ट्रिगर, नॉट अ स्कूटर."

"अगं, तुझे आजोबा दर वर्षी करायचे," असं म्हणून प्रकाशने चिमूटभर अक्षता टाकल्याच. दोन दाण्यांची चिमूट केव्हापासून झाली, कोण जाणे! नंतर त्याने पिस्तूल वरवर पुसलं. मला तर पुसलंच नाही. कुंकू तसंच ठेवून मला कपाटात टाकलं.

दुसऱ्या दिवशी इशिताला ट्रिगर जड लागला. तिने स्क्रू फिरवून तो हलका केला, इतका की मी जेमतेम लटकेन. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, हे कबूल करतो.

निवडीचा शनिवार उजाडला. पंचांची साधनतपासणी दहाला बंद होणार होती. नऊ वाजता वर्कशॉपमध्ये इशिताने मला ट्रिगरला अडकवून उचललं.

टक्.

तिने पुन्हा चढवलं. टक्. तिसऱ्यांदा. टक्.

मित्रांनो, आता सगळ्यांची नजर कुणाकडे गेली असेल? पिस्तुलाकडे? छे! माझ्याकडे.

"ह्याला कुंकू-तेल लागलंय," प्रकाश म्हणाला. "दोन-चार ग्रॅम वाढलं असणार." त्याने टिश्यूने मला खसाखसा पुसलं. टक्. "मग गंज. गंजानेही वजन वाढतं." इंजिनियर माणूस, त्याला कारणांचा काय तोटा! "जुनं झालंय हे. कुणाकडे डिजिटल गेज आहे का?"

शेजारच्या टेबलावर रोनित नावाचा एक नेमबाज मुलगा होता, त्याने आपला चकचकीत गेज दिला. प्रकाशने तो हाताने ओढला. आकडा आला पाचशे सात. पुन्हा ओढला, पाचशे अकरा.

"बघ! ट्रिगर एकदम ओके आहे. पंचांचं वजन नवीन असेल, नक्की पास होईल. यल्ला, चल." आणि मला त्याने कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं.

नाचता येईना अंगण वाकडं! चाळीस वर्षं कराडच्या आयाबायांना मी पुरेपूर साखर दिली होती, आणि अण्णांच्याच मुलाने मला खोटं ठरवलं. मला जीभ असती तर मी त्याचं ऐकून घेतलं नसतं. जीभ नव्हती, म्हणून मी माझ्याजवळ होतं तेवढंच करत राहिलो. पाचशे ग्रॅम भरत राहिलो.

खैरुद्दीन हळूच म्हणाले, "हाथ से खींचोगे तो हाथ का वज़न भी बोलेगा. ट्रिगर खोलने दो."

"उस्ताद, अब? एक घंटा है. खोला और ठीक से बैठा नहीं, तो खलास! पाच वर्षांची मेहनत आहे पोरीची."

प्रकाशचंही अगदी चूक नव्हतं. उघडलेला ट्रिगर वेळेत जुळला नाही तर इशिता खेळूच शकणार नव्हती. न उघडता गेली तर कदाचित तपासणीतून निसटली असती. पण चिठ्ठी काढून नेमबाजीनंतरही एखादं पिस्तूल पुन्हा तपासतात, आणि तिथे 'टक्' झालं की सगळे गुण बाद.

प्रमिला पुढे झाली. ती म्हणाली, "अहो, अण्णा कधी म्हणाले का, गिऱ्हाइकाला पटत नाही तर वजन बदला?"

इशिताने डब्याच्या झाकणावरून मला उचललं. "बाबा, इट क्लिक्ड. एव्हरी सिंगल टाइम. आय ट्रस्ट धिस." मग खैरुद्दीनकडे वळून म्हणाली, "चाचा, खोलो."

खैरुद्दीननी चार स्क्रू काढले, चिमटा आत घातला आणि पांढऱ्या रुमालावर एक लालसर कण ठेवला. अर्धी अक्षता! ट्रिगरच्या मागे अडकलेला तो दाणा दहा दिवस टेकू देत होता. म्हणून ट्रिगर जड लागला, म्हणून इशिताने स्क्रू सैल केला. आणि आता दाणा मोडला, टेकू गेला, ट्रिगर हलका पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते, दुसरं काय!

प्रकाश त्या कणाकडे बघत राहिला.

खैरुद्दीननी ट्रिगर साफ करून जोडला. इशिताने मला अडकवलं आणि स्क्रू थोडा थोडा आवळत पुन्हा पुन्हा उचललं. टक्. टक्. मग मी लटकलो आणि लटकतच राहिलो. नऊ वाजून बावन्न मिनिटांनी ती पंचांच्या टेबलाकडे पळाली. त्यांचं पितळी वजन पहिल्या फटक्यात लटकलं.

इशिता चौथी आली. चौथी म्हणजे शेवटची जागा. प्रमिलाने आनंदाने टाळी वाजवली तेवढ्यात पंचबाईंनी डब्यातून चिठ्ठी काढली आणि नाव वाचलं. इशिताचंच.

प्रकाशने मला मुठीत इतकं आवळलं की माझ्या कडा त्याच्या तळव्यात रुतल्या. पंचबाईंनी पिस्तूल उभं धरलं, पितळी वजन अडकवलं, उचललं. शांतता. आमच्यासारख्यांना टाळ्यांपेक्षा ती शांतता प्यारी असते. वजन गप्प लटकत राहिलं आणि बाईंनी कागदावर सही केली.

घरी आल्यावर प्रकाशने एक फडकं ओलं केलं. माझ्या कडाकडांतून उरलेलं कुंकू पुसलं. मग कोरड्या फडक्याने पुसलं. "चुकलं, अण्णा," तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, पण ते माझ्यासाठी नव्हतं. मला तेवढं चाललं.

मित्रांनो, मला फुलं नकोत आणि शोकेसही नको. मला कोरडं ठेवा, कामाला लावा, अधूनमधून एखाद्या खऱ्या वजनासमोर उभं करा. मी कमी भरलो तर वितळवून टाका, माझी तक्रार नाही. पण माझं उत्तर आवडलं नाही म्हणून मला डब्यावर ठेवू नका. आधी ट्रिगर उघडून बघा.