माझं राहू द्या, तुमचं सांगा

नवरा गेल्यानंतर मी पुन्हा कामावर रुजू झाले तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मला माझ्या जुन्याच शिफारशीच्या टेबलावर बसवलं. "इथे फारसं डोकं लागत नाही," त्या म्हणाल्या. बोलल्या ते मायेनेच. आमच्या वाचनालयात आत शिरलं की डाव्या हाताला हे टेबल आहे. काय वाचावं हे ज्याला कळत नाही तो तिथे येतो, आणि टेबलामागच्या माणसाने त्याला तीन प्रश्न विचारायचे. शेवटचं काय आवडलं, कोणतं अर्धवट टाकलं, आणि कोणासाठी हवंय. मग उठायचं, कपाटातून पुस्तक आणायचं, पुढ्यात ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. पुस्तकाविषयी चार शब्द बोलायला हरकत नव्हती, पण आपली आवड वाचकाच्या गळ्यात मारायची नाही, हा बाईंचा कडक नियम. कोणी विचारलंच, "तुम्हाला कोणतं आवडतं?", तर म्हणायचं, "माझं राहू द्या, तुमचं सांगा."

हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आले आहे की झोपेतसुद्धा म्हणत असेन. नवरा तसं सांगायचा, पण त्याला थापा मारायची सवय होती.

माझ्याकडे तीन कपाटं. आपल्या भागाचा इतिहास, स्वयंपाक आणि श्रद्धा. ही तीन एकत्र कशी आली ते विचारू नका. जिला नाही म्हणता येत नाही तिच्या वाट्याला उरलेलं येतं. खरं सांगायचं तर त्यातला मी फक्त इतिहास वाचायचे. बुजवलेले कालवे, जळालेल्या गिरण्या, पूल बांधला कोणी आणि नाव लागलं कोणाचं, हे मला कादंबरीपेक्षा गोड लागतं. स्वयंपाकाचं पुस्तक उघडलं की जांभई यायची, आणि श्रद्धेच्या बाबतीत तर मी कोरडा पाषाण.

मग शिफारस कशी करायचे? घरचे वाचायचे आणि मी सांगायचे. नवरा कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता. दिवसभर शेगडीपुढे उभा राहून आलेला हा माणूस घरी आला की गादीवर आडवा होऊन पुन्हा स्वयंपाकाचीच पुस्तकं वाचायचा. पान उलटताना बोट जिभेला लावायचा, म्हणून मी ओरडायचे. "या बाईने हे आयुष्यात एकदाही केलेलं नाही," तो मध्येच उठून बसायचा. "एवढा ढीगभर कांदा म्हणे दोन मिनिटांत लाल होतो. म्हणावं, ये माझ्या कँटीनमध्ये, करून दाखव!" ते पुस्तक मग मी कोणाला दिलं नाही. एखाद्या पुस्तकावर तो काही न बोलता झोपून जायचा. ते चांगलं असायचं.

श्रद्धेचं खातं सासूबाईंकडे. त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायच्या, चष्मा पुसायच्या, आणि त्यांचा निकाल लेकापेक्षा कडक. "याला कधी शंकाच आलेली नाही. दुःखी माणसाला हे देऊ नकोस." "हा देवाची वकिली करतोय. देवाला वकील कशाला लागतो?" एकदा एका जाडजूड पुस्तकाबद्दल म्हणाल्या, "चांगलं आहे, पण ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला सांग, शेवटचा भाग आधी वाच. पहिला भाग निरोगी माणसांचा आहे." हे सगळं मी दुसऱ्या दिवशी टेबलावर आपलंच म्हणून खपवायचे. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, तशातली गत. फक्त माझे उंट दोन होते आणि दोन्ही घरचे होते.

"किती वाचता हो तुम्ही!" लोक म्हणायचे. मी खाली बघायचे. त्यांना तो विनय वाटायचा.

नवरा कँटीनमध्येच गेला. सकाळच्या चहाची गर्दी, आणि हा उभ्या उभ्या खाली बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंसुद्धा नसेल. मलाही कळलं नाही, अजून कळलेलं नाही. रडू येईल म्हणून मी वाट बघितली. माणसं येऊन गेली, रडून गेली, मी त्यांना पाणी दिलं. मला काही आलं नाही. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण आत काही पोचत नव्हतं. बधिर म्हणतात ते हेच असावं.

टेबलावर मी प्रश्न विचारत होते, उत्तरं ऐकत होते, पुस्तकं काढून देत होते. घरून निकाल येणं बंद झालं होतं, म्हणून मी मनाने सांगू लागले. "हे सोपं आहे." "याने मनाला बरं वाटतं." आणि गंमत अशी की कोणाच्या लक्षातही आलं नाही. लोक पुस्तकं नेत होते, आणून देत होते, छान होतं म्हणत होते. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं, आणि वाटत नाही हेसुद्धा दुसऱ्या कोणाबद्दल ऐकावं तसं कळत होतं.

पकडलं ते फक्त चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी. ते जुने वाचक, स्वयंपाकाच्या कपाटाचे. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, रागावू नका, पण हल्ली तुमच्या निवडीला चव राहिली नाही. यात मीठ कधी घालायचं तेच लिहिलेलं नाही."

"हो," मी म्हणाले. "वाचणारा गेला."

"म्हणजे?"

"काही नाही. शेवटचं कोणतं आवडलं होतं तुम्हाला?"

घरी सासूबाई आणि मी. आमचं भांडण नव्हतं आणि बोलणंही नव्हतं. त्यांचं वाचन बंद झालं होतं. मी एकदा श्रद्धेच्या कपाटात नव्याने आलेलं पुस्तक आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सवयीने हात काढून घेतला. त्यांनी ते तसंच माझ्याकडे सरकवलं. "माझं आणि त्याचं सध्या पटत नाही," त्या म्हणाल्या. तो म्हणजे देव. मी पुस्तक परत नेलं.

मग नणंदेचा फोन आला. ती नवऱ्याची धाकटी बहीण, लांबच्या गावी असते, मनाने चांगली आणि तोंडाने फटकळ. "वहिनी, आईला मी इकडे आणते. खोली रिकामीच आहे. तू दिवसभर कामावर, ती एकटी भिंतींकडे बघत बसते. तू विचार तिला."

मला त्या जायला नको होत्या. हे मी आता लिहिते आहे एवढं स्पष्ट तेव्हाही होतं. त्या गेल्या तर घरात मी एकटी उरणार, आणि एकटी उरले तर मी कामावरून घरी कशाला यायचं, याचं मला उत्तर नव्हतं. पण नको असणं वेगळं आणि ते तोंडाने निघणं वेगळं. जेवताना मी विचारलं, "आई, ताई तिकडे बोलावतायत. तुम्हाला कुठे बरं वाटेल? तिकडे की इथे?"

त्यांचा घास हातात राहिला. "तुला काय वाटतं?"

आणि मी म्हणाले, "माझं राहू द्या, तुमचं सांगा."

टेबलावरचाच आवाज होता तो, अगदी तसाच, सौम्य आणि अलिप्त. मला तो ऐकू आला आणि तरी थांबवता आला नाही. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. वाचक कधी कधी असे बघतात, यांच्या मनात काही आहे का नाही म्हणून.

"मग जाते," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हणाले.

पुढचे दिवस आम्ही दोघी फार समजूतदार वागलो. मी माळ्यावरची सूटकेस काढली, ओल्या फडक्याने पुसली, कुलूप अडत होतं त्याला तेल घातलं. त्यांचे स्वेटर धुऊन, वाळवून, घड्या करून ठेवले. औषधांच्या पुड्यांवर सकाळ, संध्याकाळ लिहिलं. त्या बसून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "फारच तयारी चाललीय." मी म्हणाले, "ऐन वेळी धावपळ नको." त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघरात जाऊन त्या मला सांगू लागल्या की डब्यांची झाकणं कोणती कोणाची, खिडकीची कडी कशी उचलून लावायची. त्या घरात मी त्यांच्याइतकीच राबले होते, पण मी ऐकून घेतलं.

नणंद न्यायला आली त्या दिवशी मी रजा घेतली होती. तिने आल्या आल्या गाडीवाल्याला खाली थांबायला सांगितलं, आईच्या खोलीत डोकावली आणि तरातरा स्वयंपाकघरात आली.

"रडलीय ती," नणंद म्हणाली. "काय झालं?"

"काही झालं नाही."

"वहिनी, तू तिला एकदा तरी म्हणालीस का, राहा म्हणून?"

"त्यांची इच्छा विचारली मी."

नणंदेने कपाळावर हात मारला. "इच्छा पाहुण्यांना विचारतात गं! चहा घेणार की कॉफी. घरच्या माणसाला कोणी इच्छा विचारतं का?"

"मग काय करतात?"

"अडवतात," ती म्हणाली. "दारात आडवं पडतात. भांडतात. मला वाटलं तू नाही म्हणशील आणि मी गप्प बसेन. तू नाही म्हणालीच नाहीस. मला वाटलं, हिला आई नकोय घरात. आणि तिलाही तेच वाटलंय, सांगून ठेवते."

आपली आवड गळ्यात मारायची नाही, गळ्यात मारायची नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग मी खोलीत गेले.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पायात चपला, मांडीवर पिशवी, नजर दाराकडे.

"आई, जाऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का?"

कोणतं पुस्तक का घ्यावं हे जगाला सांगत आलेली मी, मला एक कारण सुचेना. काळजी घेईन म्हणावं तर लेक माझ्यापेक्षा बरी काळजी घेणार होती. सोबत होईल म्हणावं तर मी दिवसभर बाहेर. त्या थांबल्या होत्या. घाई नव्हती त्यांना.

"तुम्ही गेलात," मी म्हणाले, "की मी त्याची बायको होते हे माहीत असलेलं या घरात कोणी उरणार नाही. मग मी नुसती एक बाई. वाचनालयातली."

आवाज माझा नव्हता, किंवा तोच माझा होता. फार घोगरा निघाला.

"आणि मी?" सासूबाई म्हणाल्या. "तिकडे मी लेकीची आई असणार आहे. तिच्या पोरांची आजी. तिथे शेजारीपाजारी कोणी त्याला पाहिलेलं नाही. त्याची आई मी इथेच आहे, या घरात!" त्यांचा आवाज चढत गेला. "हे मी तुला सांगायचं होतं होय? तू सूटकेस काढून दिलीस. पुसून दिलीस! कुलपाला तेल घातलंस!"

"मदत म्हणून, आई."

"आग लागो तुझ्या मदतीला!"

इतक्या महिन्यांत माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं. सगळे हळू बोलत होते. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

दारात नणंद उभी होती. कधी आली कळलं नाही.

"छान वाटून घेतलंत की दोघींनी त्याला," ती म्हणाली. "एक बायको, एक आई. आणि मी? मी त्याची बहीण होते. मी आईला न्यायला आले ती काय हौस म्हणून? माझ्या घरात त्याचं कोणीच नाही. तिला नेलं असतं तर निदान..."

ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली, तोंड न झाकता, मोठमोठ्याने. तिला कोणी विचारलंच नव्हतं, तुझं काय म्हणून. सगळे मलाच पाणी देत होते, किंवा मी सगळ्यांना.

सासूबाई उठल्या. पिशवी पलंगावर राहिली. जाऊन लेकीच्या शेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखतात तरी, आणि मला म्हणाल्या, "तू काय उभी आहेस? ये."

मी दुसऱ्या बाजूला बसले. नणंदेने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मला रडू आलं नाही. पण ब्लाउजची बाही ओली होत होती आणि ते ओलं मला लागत होतं.

खाली गाडीवाला भोंगा वाजवायला लागला.

"त्याला काय सांगायचं आता?" नणंद नाक ओढत म्हणाली. "आई, तू येतेस का नाही? तुझी इच्छा काय आहे?"

"मला विचारू नका," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे हनुवटी केली. "तिला सांगू दे."

मी उठले, खिडकी उघडली, आणि खालच्या माणसाला ओरडून सांगितलं की आमच्या घरातून आज कोणीही जाणार नाही.