चौदावं शिफारसपत्र

प्रिंटरच्या तबकात सगळ्यात वर प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर तेओ यांचं पत्र पडलं होतं. आपला आलेख शोधताना क्वेक स्यू चिनला त्यात स्वतःचं नाव दिसलं, आणि वाचू नये हे कळत असूनही ती उभ्याउभ्या वाचत गेली.

'डॉ. क्वेक यांचा हात अत्यंत सफाईचा आहे. सोपवलेलं काम त्या बिनचूक करतात. योग्य मार्गदर्शकाच्या हाताखाली त्या असंच उत्तम काम करत राहतील.'

तिचा अर्ज होता बँकॉकच्या एका विद्यापीठातल्या जागेचा. तिथे स्वतःची प्रयोगशाळा चालवायची होती. हाताखाली!

सिंगापूरच्या या संस्थेत मेंदूवर संशोधन करताना, दोन-दोन वर्षांच्या कंत्राटांवर तिची अकरा वर्षं गेली होती. तेरा ठिकाणांहून नकार आले. आपणच कुठेतरी कमी पडतो असं समजून दर वेळी ती आणखी राबली होती.

कागद घेऊन ती सरळ तेओंच्या खोलीत शिरली.

“अगं, हे तू वाचायचं नसतं,” ते म्हणाले. “पण चांगलंच लिहिलंय की!”

“आधीची तेराही पत्रं अशीच होती, प्रोफ?”

“नाव, तारीख बदलतो. वेळ कुठे असतो मला?”

तिला एकदम बसावंसं वाटलं. ती बसली नाही. “उंदराची आठवण झोपेत पक्की कशी होते, हा प्रश्न कुणी काढला होता?”

त्या एका प्रश्नावर गेली सात वर्षं ही प्रयोगशाळा उभी होती. तेओंनी खरंच आठवून पाहिलं. “आपण सगळ्यांनीच. मीटिंगमध्ये निघाला ना?”

ते खोटं बोलत नव्हते. फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

“मी काढला. तुम्ही म्हणालात, उंदरांना झोपू दे, तू काम कर.”

“हो का?” ते ओशाळले. “मग असं कर, तूच लिहून आण. मी सही करतो.”

जागेवर येऊन तिने 'डॉ. क्वेक यांनी' एवढं लिहिलं, आणि पुढे आपसूक 'बिनचूक' आलं. खोडलं. पुन्हा तेच. स्वतःबद्दल दुसरं काही तिलाही सुचेना. तासाभराने एक वाक्य जमलं, मग बाकीची आली.

ती जागा तिला पुढे मिळाली नाही. कंत्राट संपल्यावर ती मलेशियात पेनांगच्या एका कॉलेजात शिकवायला गेली. पण त्या दुपारी ती पत्र घेऊन गेली तेव्हा तेओंनी न वाचताच पेनचं टोपण काढलं.

“आण इकडे. मग चिकन राइस खाऊ, चल. उशीर झाला तर रांग वाढेल.”

“आधी वाचा, प्रोफ. मोठ्यानं.”

ते हसले. ती हसली नाही. त्यांनी चष्मा चढवला. 'हा प्रश्न प्रथम डॉ. क्वेक यांनी विचारला. मी तो हसण्यावारी नेला होता...' इथे त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“पुढे,” ती म्हणाली.

शेवटची ओळ वाचून होईपर्यंत ती टेबलासमोर उभी राहिली.